सोमवारी सकाळचं सांग

सातारा, बुधवार रात्र

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर मी बोललो ते चुकलंच. "सिंहगड चढायची एवढी हौस असेल तर पुढचं दवाखान्याचं तुझं तू बघ," असं कुठला बाप बोलतो? तुझी आई तेव्हापासून पानात वाढते आणि उठून जाते. म्हणून पत्र. फोनवर तू "पप्पा, ऐका ना" म्हणतेस आणि माझा आवाज चढतो.

तर सिंहगडाला जा. फक्त सकाळी उठल्यावर डावा गुडघा हल्ली किती वेळ आखडतो, ते तू सांगितलं नाहीस. हे विचारणार नव्हतो.

काल डेपोत गाडीखाली दुरुस्तीला आडवा पडल्या पडल्या तुझ्या आजोळचा जिना आठवला. तू सात वर्षांची. सकाळी बसून बसून एकेक पायरी घसरत उतरायचीस आणि आम्ही हसायचो. नाना तर "आलं रांगतं बाळ" म्हणायचे. दुपारपर्यंत तू अंगणात पळायला लागायचीस, मग कोण घाबरतंय! पहिल्या डॉक्टरांनी वाढीचं दुखणं म्हणून कॅल्शियमची बाटली दिली, त्यात तीन महिने गेले. 16 वर्षांच्या आत सुरू होऊन 6 आठवड्यांच्या वर टिकलेली सांध्याची सूज, आणि दुसरं काही कारण सापडत नसेल, तर तो मुलांचा संधिवात, हे पुण्याला गेल्यावर कळलं. माईआत्या तिथंच म्हणाली, "हा तर म्हाताऱ्यांचा रोग."

पुढची चूक मात्र माझी एकट्याची. दर जूनला शाळेत जाऊन पी.टी.तून सुटकेची चिठ्ठी मी देऊन यायचो. तीन वर्षं. तू लिंबाखाली बसून सगळ्या वर्गाच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळायचीस. मला वाटायचं, सांधा जपतोय.

स्टेरॉइडनं तुझं तोंड गोल झालं होतं. शेजारी म्हणायचे, पोरीनं बाळसं धरलं. रात्री दोनला उठून दहीभात मागायचीस. आणि फिजिओच्या बाईंनी टेप लावली तर डावी मांडी उजवीपेक्षा 2 सेंटिमीटरनं बारीक! तो आकडा कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहिलेला, ते पान मी अजून फाडलेलं नाही. डॉक्टरांनी तेव्हा समजावलं की अंगात सूज धुमसत असली की शरीर पडल्या पडल्याही जास्त जाळतं आणि स्नायू झिजवतं. न वापरलेला स्नायू आणखी झिजतो, मग दोन पावलांत धाप लागते, धाप लागते म्हणून पोर बसतं. मला ते डेपोच्या भाषेत कळलं. गाडी फलाटाला उभी, इंजिन रेसवर, डिझेल चाललंय आणि किलोमीटर शून्य. शाळेतून आल्यावर दप्तरासकट झोपायचीस, तेव्हा मी एकदा तुला आळशी म्हणालो होतो. तू विसरली असशील.

"पूर्वी आम्हीही विश्रांतीच सांगायचो," असं डॉक्टर म्हणाले, बहुतेक माझं तोंड बघून. बेतानं वाढवलेल्या व्यायामानं हा रोग बळावत नाही, म्हणाले. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाच्या मुलांना रोज 60 मिनिटं दमणूक होईल असं हलायला सांगते. तुझ्या मिनिटांवर मी तीन वर्षं चिठ्ठ्या लिहीत होतो.

अजिंक्यताऱ्यावर पहिल्यांदा गेलो तेव्हा तू बारा वर्षांची होतीस. दर वळणाला मी "बसायचं का?" विचारत होतो. शेवटी तू म्हणालीस, "पप्पा, तुम्हाला बसायचंय का?" वर मंगळाईच्या देवळापाशी पोचलीस तेव्हा मानेवरून घाम ओघळत होता, पहिल्यांदा एवढा. मी चपलेचा अंगठा नीट करायच्या निमित्तानं खाली वाकलो होतो. अंगठ्याला काही झालेलं नव्हतं.

तर येत्या रविवारचं. व्यायामाच्या सायकलवर फिजिओच्या बाईंनी शिकवलेलं विसरू नकोस, बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येता कामा नये. त्या चालीला शरीर चरबीही जाळतं आणि लांब पुरतं. दामटून पळवलं की साखरेवर येतं आणि लवकर बसतं. पायथ्याच्या आतकरवाडीपासून पोरं पळत सुटतील, सुटू देत. उतरताना गुडघ्यावर भार जास्त येतो, तेव्हा हट्ट नको, वरून जीप मिळते. सकाळी गुडघा गरम लागला किंवा सुजलेला दिसला तर सरळ राहू दे. फॉलिक ॲसिड चुकवू नकोस. डोळ्यांची तपासणी या महिन्यात आहे. लाल नाही, दुखत नाही म्हणून टाळायची नाही, या रोगात डोळ्याच्या आतली सूज गुपचूप येते हे तुला...

झालं, परत सुरू झालो. आई म्हणते तेच, पत्रातसुद्धा माझा हॉर्न बंद होत नाही. माफ कर.

तिच्याकडूनच कळलं की मेथोट्रेक्सेटचा, म्हणजे तुझ्या संधिवाताच्या आठवड्यातून एकदाच्या गोळीचा, वार तू डॉक्टरांना विचारून शनिवारवरून शुक्रवारवर आणलास, रविवार मोकळा मिळावा म्हणून. त्या पिवळ्या गोळीपायी तू वर्षभर पिवळं वरण खाल्लं नव्हतंस, बघूनच उमासे यायचे. आणि आता स्वतः वार ठरवतेस. मी डेपोत दोघांना सांगितलं हे. त्यांना त्यातलं काय कळणार, पण सांगितलं.

डब्यात डिंकाचे लाडू आहेत, मैत्रिणींना दे. पिठलं-भाकरी माझ्या नावानं खा.

तुझे,
पप्पा

ता. क. उजव्या बुटात घालायची पट्टी नवी कापून पाठवतोय, त्याच टायरच्या रबराची. सुजेनं रक्त जास्त जाऊन डावा पाय जो लांब वाढला तो फरक आता 8 मिलिमीटरच आहे ना? तेवढीच कापली आहे. आधी दोन दिवस घालून हॉस्टेलमध्ये चाल, थेट गडावर नको. आणि सोमवारी सकाळी उठल्यावर किती आखडलं ते कळव. मिनिटांत. नुसतं "बरं आहे" नको.