‘पाऊस आला’ म्हणजे काय, ते आम्हाला विचारा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीतला बालवाडी आणि पालक या विषयावरचा लेख दोनदा वाचला. सभेला या, वही रोज पाहा, शाळेत घेतलेलं घरी करून घ्या, सूचना पाळा, अशी पालकांच्या कामांची लांबलचक यादी त्यात आहे. शाळेने पालकांना काही विचारावं, असं एक वाक्य मात्र मला सापडलं नाही. म्हणून हे पत्र.

माझी मुलगी साडेतीन वर्षांची असताना बालवाडीत जाऊ लागली. दुसऱ्या आठवड्यापासून रोज ओल्या कपड्यांची पिशवी घरी यायला लागली. वहीत लाल शाईने लिहिलेलं असे, ‘शू सांगायची सवय लावावी.’ ही सवय तिला वर्षभरापूर्वीच लागली होती. डॉक्टर म्हणाले, नवी जागा, नवी माणसं आली की कोरडं राहायला शिकलेलं मूलही काही दिवस मागे जातं, धीर धरा. आम्ही धीर धरला. पण वहीतला मजकूर वाढत गेला आणि एक दिवस ‘घरी लक्ष द्यावे’ या शब्दांखाली दोन रेघा आल्या. त्या रेघा मला इतक्या झोंबल्या की त्या संध्याकाळी मी पोरीवर ओरडले. ती काहीच बोलली नाही. पलंगाखाली जाऊन बसली आणि जेवायलाही बाहेर येईना.

उलगडा झाला पाचव्या आठवड्यात, तोही शाळेच्या फाटकाशी. मुलांना बाहेर आणून सोडणाऱ्या मावशी सहज म्हणाल्या, “तुमच्या मुलीला पावसाचं भारी वेड आहे हो. रोज बाईंना सांगते, पाऊस आला, पाऊस आला. बाई खिडकीतून बघतात आणि म्हणतात, नाही गं, ऊन पडलंय, बस खाली.”

माझ्या पायांतलं बळच गेलं. आमच्या घरात शू लागली की ‘पाऊस आला’ म्हणतात. थोरल्याने लहानपणी काढलेला हा शब्द घरात इतका रुळला की तो फक्त आमचा आहे, हे आम्ही विसरूनच गेलो होतो. म्हणजे माझी मुलगी पाच आठवडे रोज सांगत होती, वेळेवर सांगत होती, आणि तिला रोज खाली बसवलं जात होतं. दुसऱ्या दिवशी बाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाई मायाळू होत्या. पण एका खोलीत बत्तीस मुलं होती आणि माझ्याशी बोलायला त्यांना त्या वहीशिवाय दुसरी जागा नव्हती.

प्रवेशाचा अर्ज चार पानी होता. त्यात रक्तगट होता, आमचं शिक्षण होतं, नोकरी होती. मूल शूला काय म्हणतं, कशाला घाबरतं, रडलं तर कशाने शांत होतं, यासाठी एक ओळ नव्हती. मीही आपण होऊन सांगितलं नाही, ही माझी चूक मी मान्य करते.

लेखात बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांचं नाव आदराने घेतलं आहे. पण त्यांनी केलं काय? १९४५ मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला त्यांनी काम सुरू केलं आणि मुलं शाळेत येईनात तेव्हा शाळाच वस्तीतल्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. अंगणात बसून शिकवणाऱ्या बाईच्या कानावर मूल आईशी कोणत्या शब्दांत बोलतं, ते आपोआप पडतं. शाळा चार भिंतींत गेली की ते मुद्दाम विचारावं लागतं.

पालकसभेत ते होत नाही. तिथे माइकवरून सूचना होतात आणि सगळे उठायला लागले की ‘कुणाला काही शंका?’ असं विचारतात. पहिल्या महिन्यात प्रत्येक घराला बाईंबरोबर निवांत दहा मिनिटं द्या. बत्तीस मुलांची तीनशे वीस मिनिटं, म्हणजे साडेपाच तासांच्या आतलं काम. ते बाईंच्या कामाच्या वेळेत धरा, शाळा सुटल्यावर फुकटात करायला लावू नका.

आणखी एक. त्याच पानावर तीन वर्षांच्या मुलाचा शंभरपर्यंत आकडे लिहितानाचा फोटो कौतुकाने छापला आहे. त्या वयात मनगटातल्या आठ हाडांपैकी बरीचशी अजून कूर्चाच, म्हणजे मऊच असतात. असे फोटो पाहून आम्ही पालक बाईंना विचारायला जातो, आमच्याला अजून लिहिता का येत नाही? मग मुलांच्या हातातली माती जाऊन पेन्सिल येते. कृपया असे फोटो छापू नका.

आणि या विषयावरचा पुढचा लेख बालवाडीतल्या एखाद्या बाईंकडून लिहून घ्या. पालकांनी त्यांना काय सांगायला हवं होतं आणि सांगितलं नाही, ते मला त्यांच्याकडून वाचायचं आहे.

आपली,
एक पालक