सूचना: मायक्रोलाइट (छोटे, हलके विमान) शिकणाऱ्यांची रविवारी बैठक

मंडळींनो, येत्या रविवारी सकाळी १० वाजता मंडळाच्या सभागृहात मायक्रोलाइट शिकणाऱ्या मुलामुलींची सुरक्षेबाबत बैठक आहे. पालकांनीही यावे. तोवर एवढे पाळा:

- भर उन्हाळ्यात दुपारचे उड्डाण नको. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच. त्यात तापलेली हवा विरळ, म्हणून उड्डाणापूर्वीची धावपट्टीवरची धाव लांबते.
- टाकीच्या तळाचे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून बघा. खाली पाण्याचा थेंब दिसला, तर थांबा.
- उड्डाण घेताच इंजिन बंद पडले, तर नाक खाली करून समोरच उतरा. मागे धावपट्टीकडे वळण्याचा मोह जिवावर बेततो: वेग कमी, वळण तीव्र, की विमान स्टॉल झालेच, म्हणजे पंखांची उचल तुटून ते खाली आलेच.

हेल्मेटशिवाय आलेला जमिनीवरच राहील, मग तो कुणाचाही भाचा असो.

लॉगबुक (उड्डाणांची नोंदवही) आणा. पोहे-जिलबी साडेनऊलाच.