युद्धाचेही वेळापत्रक असते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत 'शस्त्रे जितकी जास्त, तितकी शांतता भक्कम' अशा आशयाचा लेख वाचला. दोघांच्याही हातात तलवार असली की कुणीच ती उपसत नाही, असे लेखकाचे थोडक्यात म्हणणे. ऐकायला बरे वाटते. पण माझी सगळी नोकरी रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात, चार्टवर गाड्यांच्या रेघा ओढण्यात गेली. त्यामुळे 1914 साली युरोपात युद्ध कसे पेटले हे वाचताना मला तलवारींपेक्षा गाड्याच जास्त दिसतात. त्याबद्दल चार ओळी.

तलवारी तर तेव्हा हव्या तितक्या होत्या. ब्रिटनने 10 फेब्रुवारी 1906 रोजी पोर्टस्मथला 'ड्रेडनॉट' ही युद्धनौका पाण्यात सोडली. एकाच मापाच्या 12 इंची दहा तोफा, टर्बाइनची इंजिने, 21 नॉट वेग. तिच्यापुढे जगातल्या सगळ्या जुन्या युद्धनौका एकदम म्हाताऱ्या ठरल्या आणि त्यात ब्रिटनच्या स्वतःच्याही होत्या. जर्मनीच्या कितीतरी पट मोठे आरमार बाळगून असलेल्या ब्रिटनने आपल्याच हाताने पाटी कोरी करून दिली. जर्मनीचे ॲडमिरल तिरपित्झ 1898 आणि 1900 च्या कायद्यांनी आरमार वाढवतच होते. ब्रिटनला हरवता आले नाही तरी लढणे परवडू नये इतके ते मोठे करायचे, हा त्यांचा हिशेब. म्हणजे तो आपल्या लेखकांचाच सिद्धांत झाला. झाले उलटेच. 1909 मध्ये ब्रिटनमध्ये 'आठ हवीत, थांबणार नाही' अशी ओरड सुरू झाली. चर्चिल यांनी त्या प्रकाराचे वर्णन नंतर असे केले की नौदलाने सहा जहाजे मागितली, खर्चाला कात्री लावणाऱ्यांनी चार देऊ केली आणि तडजोड आठवर झाली. आमच्या भाजी मंडईत असली घासाघीस अजून कुणी पाहिली नसेल.

जहाजांमुळेच युद्ध पेटले असे मात्र मी म्हणणार नाही. 1912 नंतर जर्मनीने पैसा पुन्हा पायदळाकडे वळवला आणि आरमाराची शर्यत बरीच थंडावली. पण मधल्या काळात नको ते होऊन बसले होते. ब्रिटनने 1904 मध्ये फ्रान्सशी आणि 1907 मध्ये रशियाशी जुळवून घेतले. 1912 पासून फ्रेंच आरमार भूमध्य समुद्रात आणि ब्रिटिश आरमार उत्तरेत अशी वाटणी झाली. कागदावर युतीचा करार नव्हता, पण फ्रान्सचा उत्तर किनारा उघडा पडला होता आणि तो कुणाच्या भरवशावर, हे सगळ्यांना ठाऊक होते.

आग्नेय युरोपातल्या बाल्कनचे भांडण तसे स्थानिक. ऑस्ट्रियाने 1908 मध्ये बोस्निया गिळला, तेव्हा शेजारच्या सर्बियाची पाठराखण करणाऱ्या रशियाला मान खाली घालावी लागली. मग 1912-13 ची बाल्कन युद्धे झाली. याच काळात लष्करांची शर्यत लागली. 1913 मध्ये जर्मनीने सैन्यवाढीचा कायदा केला, फ्रान्सने लष्करी सेवा तीन वर्षांची केली. रशियाचा मोठा कार्यक्रम 1917 च्या सुमारास पुरा व्हायचा होता आणि फ्रेंच कर्जातून पश्चिमेकडे रूळही पडत होते. बर्लिनच्या सेनानींना झोप लागेना ती या रुळांमुळे. आज लढलो तर जिंकू, तीन वर्षांनी नाही, असे ज्याच्या डोक्यात बसले त्याला शेजाऱ्याचे वाढते बळ पाहून धाक बसत नाही, घाई सुटते. माझा सगळा आक्षेप या घाईला आहे.

28 जून 1914. टिळक मंडालेहून सुटून पुण्यात आले त्याला दोन आठवडेही झाले नव्हते. जर्मनीचा सम्राट कैसर विल्हेल्म कील बंदरात शिडाच्या बोटींच्या शर्यतीत रमला होता आणि ब्रिटिश युद्धनौका तिथे पाहुण्या म्हणून आल्या होत्या. कीलचा कालवा नव्या अजस्र जहाजांसाठी रुंद करून चार दिवसांपूर्वीच खुला झाला होता. एक लाँच कैसरच्या बोटीजवळ आली आणि त्यातल्या ॲडमिरलने सिगारेटच्या डबीत चिठ्ठी घालून ती वर फेकली. बोस्नियातल्या सारायेवोत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाल्याची बातमी कैसरला अशी कळली.

पुढचा महिना सर्वांना माहीत आहे : ऑस्ट्रियाने सर्बियावर युद्ध पुकारले आणि रशिया सर्बियाच्या बाजूने उभा राहिला. मला सांगायचे आहे ते शेवटच्या चार दिवसांचे. 29 जुलैच्या रात्री रशियाचा सम्राट झार याने संपूर्ण सैन्य जमवण्याचा हुकूम मागे घेतला आणि फक्त ऑस्ट्रियापुरते सैन्य जमवा म्हणून सांगितले. सेनाधिकारी म्हणाले, अर्धवट जमवाजमव केली तर पुढे पूर्ण करताच येणार नाही, गाड्यांचे गणित विस्कटेल. दुसऱ्या दिवशी झारने पुन्हा पूर्ण हुकूम दिला. तेव्हा सेनाप्रमुख यानुश्केविच यांनी आपण आता फोनच मोडून टाकू असे बजावले, म्हणजे पुन्हा हुकूम फिरवायला कुणी गाठू नये. कंट्रोलच्या फोनवर आयुष्य काढलेल्या माणसाला हे वाचून काय वाटते ते मी सांगू शकत नाही.

बर्लिनमध्येही तेच. 1 ऑगस्टला संध्याकाळी सैन्य जमवण्याच्या हुकमावर सही झाली, सेनाप्रमुख मोल्टके निघाले, तेवढ्यात लंडनहून तार आली की ब्रिटन कदाचित फ्रान्सला बाजूला ठेवील. कैसर खूश झाला. मोल्टकेंना वाटेतून परत बोलावून म्हणाला, मग सगळे सैन्य पूर्वेला, रशियावर. मोल्टके म्हणाले, ते होणार नाही, लाखो माणसांची मांडणी अशी आयत्या वेळी बदलता येत नाही. 'तुमच्या काकांनी मला वेगळे उत्तर दिले असते,' असे कैसर त्यांना तोंडावर म्हणाला. काका म्हणजे आधीचे नामांकित सेनाप्रमुख, थोरले मोल्टके. त्याच संध्याकाळी फ्रान्सच्या वाटेवरच्या लक्झेंबर्ग या छोट्या देशातले त्र्वा व्हिएर्ज हे छोटे स्टेशन आणि तारघर जर्मन तुकडीने ताब्यात घेतले होते. अर्ध्या तासाने मोटारीतून दुसरे लोक आले : चूक झाली, मागे फिरा. मध्यरात्री लंडनची आशा फोल ठरली आणि पुन्हा पुढे जाण्याचा हुकूम निघाला.

गाड्या खरेच वळवता आल्या नसत्या का? जर्मन लष्कराच्याच रेल्वे विभागातल्या जनरल फॉन श्टाब यांनी युद्धानंतर आकडेमोड करून दाखवले की सातपैकी चार आर्मी पूर्वेला नेणे शक्य होते. माझा त्यांच्यावर विश्वास आहे. मुसळधार पावसात मार्ग वाहून गेल्यावर तासाभरात अख्खा चार्ट पुसून नवा मांडल्याचे मी स्वतः पाहिले आहे. अडचण रुळांची नव्हती. दहा वर्षे 'आधी फ्रान्स' हा एकच आराखडा घोटलेल्या माणसाला दुसरा सुचत नाही, ही होती.

कुणी म्हणेल, शीतयुद्धात अण्वस्त्रे होती आणि महायुद्ध झाले नाही. खरे आहे. पण 1962 मध्ये क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून ठिणगी पडली तेव्हा अमेरिकेचे केनेडी आणि सोव्हिएत रशियाचे ख्रुश्चेव्ह यांना विचार करायला तेरा दिवस मिळाले, आणि एवढ्यावर निभावूनही दोघे इतके हादरले की पुढच्याच वर्षी थेट हॉटलाइन टाकली. आता क्षेपणास्त्र मिनिटांत पोहोचते. शस्त्रांची मोजदाद लेखकांनी केली, या मिनिटांची केली नाही.

आणि हे सगळे दूरदेशीचे, आपल्याला काय, असेही नाही. त्या आरमारी शर्यतीतच ब्रिटनने वेगासाठी जहाजे कोळशावरून तेलावर न्यायला सुरुवात केली. कोळसा वेल्समध्ये मुबलक, तेल मात्र इराणमध्ये. जून 1914 मध्ये ब्रिटिश सरकारने अँग्लो-पर्शियन तेल कंपनीचे 51 टक्के भाग घेण्याला पार्लमेंटची मंजुरी मिळवली. मग त्या कंपनीचा इराणातल्या आबादानचा तेल कारखाना सांभाळायला ऑक्टोबरात मुंबईहून फौज निघाली. 117 वी मराठा पलटण त्या पहिल्या खेपेतच होती. पुढे आजच्या इराकमधल्या कुतला तुर्की फौजेने घातलेल्या वेढ्यात 103, 110 आणि 117 अशा तीन मराठा पलटणी अडकल्या. डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916, शेवटी घोड्यांचे मांस, मग शरणागती आणि वाळवंटातली कैद. सातारा जिल्ह्यातल्या एकट्या अपशिंग्याचे 46 जण त्या महायुद्धात कामी आले.

आमच्याही गावच्या चावडीच्या भिंतीत त्या युद्धावर गेलेल्यांची एक संगमरवरी पाटी आहे. माझी आजी त्या युद्धाला 'बसऱ्याची लढाई' म्हणायची. जर्मनीचे नाव तिला ठाऊक नव्हते, ड्रेडनॉटचे तर नाहीच. दोन वर्षांपूर्वी चावडीला रंग दिला तेव्हा पाटीवरूनही ब्रश फिरला. मी नखाने आणि जुन्या ब्लेडने बराचसा खरवडून काढला. युद्धावर किती गेले तो आकडा आता वाचता येतो. किती परत आले नाहीत तो अजून नीट दिसत नाही.

आपला,
एक निवृत्त सेक्शन कंट्रोलर, जि. सातारा