जबाब तिला समजेल अशा भाषेत हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मसाज पार्लरवर छापा पडला की ‘इतक्या महिलांची सुटका’ एवढ्यावर आपल्याकडची बातमी संपते. ती बाई तिथे स्वखुशीने होती की दबावाखाली, हे कोणी आणि कसे ठरवले, ते कळत नाही.

१९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा कुंटणखाना चालवणाऱ्याला आणि दुसऱ्याच्या शरीरविक्रयावर जगणाऱ्याला शिक्षा देतो. सज्ञान स्त्रीने शरीरविक्रय करणे हा मुळात गुन्हा नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. याउलट धाक, फसवणूक किंवा आमिष यांतून मानवी व्यापार झाला असेल, तर भारतीय न्याय संहितेचे कलम १४३ पीडितेची संमती विचारातच घेत नाही, आणि ते योग्यच आहे. उचल म्हणजे काय, हे चिकोडी-निपाणीकडच्या ऊसतोड मजुराला सांगावे लागत नाही. पार्लरच्या मालकाने तशीच आगाऊ पैशांची उचल देऊन आधार कार्ड ठेवून घेतले असेल, तर त्या बाईच्या होकाराला मी होकार म्हणणार नाही.

मी बेळगावात वकिली करते. एका प्रकरणात चंदगडकडच्या एका बाईचा तीन पानी जबाब माझ्या हाती आला. मजकूर सगळा कन्नडमध्ये, खाली तिची मराठीत सही. मी तो मराठीत सांगितला तेव्हा ती म्हणाली, ‘असं मी बोललेच नाही ताई, घरी कळवू नका एवढंच म्हटलेलं.’ १९५६ च्या कायद्याच्या कलम १७ खाली अशा स्त्रीला एक ते तीन वर्षे संरक्षणगृहात ठेवता येते, इतके त्या तीन पानांवर अवलंबून असते. इच्छेविरुद्ध डांबलेल्या सज्ञान स्त्रियांच्या प्रकरणांचा फेरआढावा घेण्यासाठी संरक्षणगृहांची पाहणी करा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले, ते उगाच नव्हे.

याला कृपया सीमावादाचे रूप देऊ नये. कोल्हापुरात सापडलेल्या कन्नड बाईबाबतही माझे म्हणणे हेच राहील. जबाब मालक आणि नातेवाईक यांच्यापासून दूर, बाईच्या भाषेत घ्यावा, त्याचे ध्वनिचित्रमुद्रण करावे आणि सहीपूर्वी तो तिला वाचून दाखवावा. दंडाधिकाऱ्यांना साहाय्य करण्यासाठी पाच प्रतिष्ठित व्यक्तींना, शक्यतो त्यांत तीन स्त्रिया असतील अशा रीतीने, बोलावण्याची तरतूद याच कलम १७ मध्ये आहे. आपल्या जिल्ह्यात त्या पाचांत मराठी जाणणारी एक तरी स्त्री असावी, अशी माझी विनंती आहे.

— एक महिला वकील, बेळगाव