विशेषणांची वही कशी लिहावी

लीड्स, १४ नोव्हेंबर

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले वहीचे फोटो पाहिले. अक्षर छान आहे, मेहनतही दिसते. पण इंग्रजी शब्द, बरोबरचं चिन्ह आणि मराठी अर्थ अशी विशेषणं लिहून काढणं आता थांबव. आयल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेच्या तोंडी भागात असं पाठांतर ऐन वेळी दगा देतं.

आपलं 'घट्ट' घे. वरण घट्ट असलं तर 'थिक', बरणीचं झाकण घट्ट असलं तर 'टाइट', मैत्री घट्ट असली तर 'क्लोज'. 'कच्चा'चंही तेच. भाजी शिजवलीच नसेल तर 'रॉ', भात अर्धवट शिजला असेल तर 'अंडरकुक्ड', फळ पिकलं नसेल तर 'अनराइप', आणि रस्ता कच्चा असेल तर 'अनपेव्ड'. वहीत तू 'टाइट = घट्ट' एवढंच लिहिलंयस, मग घाईत वरणालाही 'टाइट' लागणारच.

म्हणून विशेषण कधी एकटं लिहू नकोस, ते ज्याला लागतं ते नामही सोबत लिही. पाऊस 'हेवी', वारा 'स्ट्राँग', धुकं 'थिक'. 'बिग रेन'मध्ये व्याकरण चुकत नाही, पण तसं कुणी बोलत नाही. या जोड्यांसाठी इंग्रजी-मराठी कोश पुरत नाही, शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश लागतो. ऑक्सफर्डचा ॲडव्हान्स्ड लर्नर्स कोश इंटरनेटवर फुकट आहे, तोच वापर. त्याची पहिली आवृत्ती ए. एस. हॉर्न्बी यांनी जपानमध्ये शिकवताना सहकाऱ्यांसोबत तयार केली आणि ती १९४२ साली टोकियोत निघाली. परक्या माणसाचं गाडं कुठे अडतं, हे त्यात पहिल्यापासून लक्षात घेतलंय.

दिवसाला पाचच शब्द घे. उजव्या पानावर कोशातलं एक वाक्य जसंच्या तसं उतरव, फक्त शब्दाच्या जागी पहिलं अक्षर आणि रेघ. खाली तुझं स्वतःचं एक वाक्य, तेही तसंच. शब्द डाव्या पानावर. दुसऱ्या, चौथ्या आणि दहाव्या दिवशी डावं पान झाकून वाक्य मोठ्याने पूर्ण करायचं. अडलेला शब्द पुन्हा पहिल्या दिवसापासून.

खरी कसोटी आहे ती तुझ्या वाक्याची. 'द बस वॉज क्राउडेड' हे वाक्य कुचकामी आहे, कारण तिथे 'सी'पासून सुरू होणारं 'क्लीन', 'कोल्ड', 'चीप' काहीही बसतं आणि रिकामी जागा पाहून काहीच आठवत नाही. 'द बस वॉज सो क्राउडेड दॅट आय कुडन्ट रीच द डोअर ॲट माय स्टॉप' असं लिही. आता दारापर्यंत का पोचता आलं नाही, ते वाक्यच सांगतं आणि शब्द आपोआप ओठांवर येतो. 'सो... दॅट' किंवा 'बिकॉज' घालून वाक्य लांबवलं की बहुतेक वेळा काम होतं.

एक चूक तुझ्या वहीत चार ठिकाणी आहे: 'व्हेरी फ्रीझिंग', 'व्हेरी एक्झॉस्टेड'. या शब्दांत 'खूप' आधीच आहे. 'व्हेरी कोल्ड' म्हण, नाहीतर 'ॲब्सोल्यूटली फ्रीझिंग'. 'व्हेरी टायर्ड' किंवा 'कम्प्लीटली एक्झॉस्टेड'. साधा आणि जोरकस शब्द शेजारीशेजारी लिहिलास तर गोंधळ होणार नाही. माणसांबद्दल बोलताना जास्त जप: 'स्लिम' कौतुकाचं आहे, 'थिन' साधं, 'स्किनी' बरेचदा बोचतं.

दोन-तीन विशेषणं एकत्र आली तर आधी तुझं मत, मग आकारमान, वय, रंग, आणि शेवटी कशाचं बनलंय ते. 'अ ब्यूटिफुल ओल्ड ब्रास लॅम्प'. 'ब्रास ओल्ड ब्यूटिफुल' झालं की परीक्षकाला लगेच कळतं.

तोंडी परीक्षेच्या दुसऱ्या भागात विषयाचं कार्ड मिळाल्यावर तयारीला १ मिनिट असतं आणि बोलायचं १ ते २ मिनिटं. त्या मिनिटात वाक्यं लिहीत बसू नकोस. विशेषण-नामाच्या चार जोड्या आणि प्रत्येकीपुढे कारणाचा एक शब्द, बास. शब्दसंपत्तीला चारांपैकी एका निकषाचे गुण आहेत, ओघ, व्याकरण आणि उच्चार यांच्याइतकेच. अवघड शब्द शोधण्यात अडखळलीस तर ओघाचे गुण जातील.

पहिल्या आठवड्याची दोन पानं रविवारी ताईच्या फोनवरून पाठव, मी लाल शाईने तपासून परत पाठवते. आजीला नमस्कार, ताईला आणि भाऊजींनाही.

तुझी,
मावशी