सलाइनचा रोलर फिरवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की आपल्या मराठवाड्यात जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढतात. दवाखान्यात एकेका खाटेपाशी चार-चार नातेवाईक, आणि रात्रपाळीला सगळ्या वॉर्डाला एकच सिस्टर. अशाच वॉर्डांत माझी नोकरी गेली. सलाइनच्या नळीवर थेंब कमी-जास्त करायचा जो छोटा रोलर असतो, तो नातेवाईक सर्रास फिरवतात. त्याबद्दल हे पत्र आहे.

"वो सिस्टर, जरा जोरात सोडा ना, पाचची गाडी हाय." हे वाक्य आमच्याकडच्या प्रत्येक सिस्टरने ऐकलेले आहे. गाडी चुकली तर दवाखान्याच्या ओट्यावर रात्र काढावी लागते, दुसऱ्या दिवसाचा रोज बुडतो, म्हणून या लोकांवर माझा राग नाही. त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलेही असते. नाडी लागत नाही अशा अवस्थेत रुग्ण आला की डॉक्टरच पहिली बाटली भरभर सोडायला सांगतात आणि माणूस डोळे उघडतो. मग तिसरी बाटली तशीच सोडली तर काय बिघडले, असे त्यांना वाटणारच.

बिघडते ते असे. जुलाबातून पाण्याबरोबर पोटॅशियमही जाते. ते भरून काढायला डॉक्टर पुढच्या बाटलीत पोटॅशियम क्लोराइड घालायला सांगतात. 10 मिलीच्या एका अँप्युलमध्ये, म्हणजे औषधाच्या छोट्या कुपीत, साधारण 20 मिलिइक्विव्हॅलंट (हे पोटॅशियम मोजायचे एकक) पोटॅशियम असते आणि साध्या वॉर्डात ते तासाला 10 पेक्षा जास्त जाऊ देत नाहीत. म्हणजे त्या बाटलीला निदान दोन तास हवेत. डॉक्टरांनी चार तास सांगितले असतील तर 500 मिलीला मिनिटाला साधारण 42 थेंब, तेही घड्याळ समोर धरून मोजलेले. रोलर पूर्ण उघडला तर तीच बाटली अर्ध्या तासाच्या आत संपते. एवढे पोटॅशियम एकदम रक्तात गेले की हृदयाचे ठोके बिघडतात, हृदय बंदसुद्धा पडू शकते. आणि औषध घातलेली ही बाटली दिसते कशी? अगदी पहिल्यासारखीच, पाण्यासारखी नितळ.

एकदा एका बाईच्या दिराने असाच रोलर सोडला होता. "हात लई जळायलाय," असे ती कण्हत होती म्हणून शेजारच्या खाटेवरच्या आजींनी मला हाक मारली. पोटॅशियम वेगाने गेले की शीर जळते. मी रोलर बंद केला, डॉक्टरांना बोलावले, बाई वाचली. आजी झोपलेल्या असत्या तर काय झाले असते, हा विचार अजून येतो.

आमच्या बाजूनेही पथ्ये आहेत आणि नव्या मुलींना मी ती कळकळीने सांगते. पोटॅशियम कधीही थेट शिरेत द्यायचे नाही. बाटलीत घालताना ती स्टँडवरून खाली घ्या, औषध घातल्यावर उलटीसुलटी करून नीट मिसळा आणि मगच टांगा. टांगलेल्या बाटलीत तसेच टोचले तर जड औषध तळाशी बसते आणि आधी तेच रुग्णाच्या अंगात जाते. पोटॅशियमचे अँप्युल डिस्टिल्ड वॉटरच्या ट्रेमध्ये ठेवू नका. घाईत दोन्ही सारखेच दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 साली रुग्णसुरक्षेचे नऊ उपाय सांगितले, त्यांत अशी तीव्र द्रावणे वेगळी आणि ताब्यात ठेवा, हाही एक आहे.

बाटलीवर काय घातले, किती वाजता, कोणी, हे आम्ही मायक्रोपोरच्या पट्टीवर लिहितो, पण इंग्रजीत आणि बारीक अक्षरात. नातेवाइकाला त्यातले काय कळणार? माझी जिल्ह्याजिल्ह्यांतल्या वैद्यकीय अधीक्षकांना विनंती आहे की लाल रंगाचे मराठी स्टिकर छापून घ्यावेत: "यात औषध घातले आहे. थेंब वाढवू नका. संपण्याची वेळ ____." ही वेळ लिहिलेली असली की गाडी कोणती मिळेल हेही घरच्यांना आधीच कळेल आणि अर्धी घाई तिथेच संपेल.

नातेवाइकांना एवढेच सांगणे आहे: हात सुजला, जळजळ झाली, थंडी वाजून हुडहुडी भरली किंवा दम लागला तर रोलर खुशाल बंद करा आणि सिस्टरला लगेच हाक मारा. म्हाताऱ्या माणसांकडे जास्त लक्ष ठेवा. त्यांना साधे सलाइनही भरभर गेले तर फुप्फुसात पाणी साचते.

आपली विश्वासू,
एक सेवानिवृत्त अधिपरिचारिका,
ता. सेलू, जि. परभणी