एनिमाच्या नळीवरचा हात शिकवणाऱ्या सिस्टरना

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात आईसाठी आपण गिरगावातल्या आमच्या चाळीचे तीन जिने चढून आलात, त्याबद्दलचे आभार त्या गडबडीत मानायचे राहून गेले. मणक्याच्या दुखण्यावरील तीव्र वेदनाशामक गोळ्यांमुळे आईचा कोठा जड झाला होता आणि डॉक्टरांनी घरीच सलाइनचा एनिमा द्यायला सांगितले होते. मी एनिमाचा डबा भिंतीवरच्या खुंटीला, खाटेपासून जवळजवळ मीटरभर उंच टांगला आणि नळीचा चिमटा पूर्ण उघडला. तेव्हा आईच्या पोटात अशी कळ उठली की पुढे ती एनिमाचे नावही काढू देईना.

आपण आल्या आल्या त्या खुंटीकडे पाहिलेत. डबा जितका उंच, तितका पाण्याचा जोर अधिक, आणि आतडे एकाएकी ताणले गेले की ते आवळून येते, तीच ही कळ, हे आपण मला न रागावता समजावलेत. मग डबा खुर्चीच्या पाठीला, आईच्या कमरेपासून सुमारे 30 सेंटीमीटरवर अडकवलात आणि कितीही घाई असली तरी 45 च्या वर न्यायचा नाही, असे बजावलेत. सलाइन कोमट, 37 ते 40 अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे, कारण गार पाण्यानेही मुरडा येतो. नळीतली हवा आधी काढून टाकावी. आईने डाव्या कुशीवर, उजवा गुडघा पोटाकडे घेऊन निजावे, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात पाणी सहज उतरते. हे सारे मी वहीत उतरवून घेतले.

पण खरा उपयोग झाला तो आपण आईला दिलेल्या खुणेचा. कळ येताच तिने बोट वर करायचे, मी चिमटा बंद करायचा, तिने तोंडाने सावकाश श्वास घ्यायचा आणि कळ पूर्ण ओसरल्यावरच चिमटा पुन्हा थोडासा उघडायचा. पाणी केव्हा थांबवायचे हे तिच्या हाती आल्यावर तिची भीती गेली. दुखणे वाढले किंवा रक्त दिसले तर तिथेच थांबून डॉक्टरांना कळवायचे, हेही आपण सांगून ठेवलेत. सुदैवाने तशी वेळ आली नाही.

त्या दिवशी आपण चहा न घेताच निघालात. आई अजून त्याची आठवण काढते; सवडीने जरूर यावे.

आपली ऋणी,
तिसऱ्या मजल्यावरची लेक